न थिजणारं खोबरेल

मार्चमधली गोष्ट. बारावीचे पेपर चालू होते. सुपरव्हिजन संपवून मी स्टाफरूममध्ये शिरले आणि जीवशास्त्राच्या मॅडम कागदांतून मान वर न करताच म्हणाल्या, "काय हो, आज बुधवारी तेल?"

परगावच्या माणसाला या प्रश्नातली खोच कळायची नाही. आमच्याकडे तेल शनिवारी रात्री, न्हाणं रविवारी सकाळी. नोकरी करणारी बाई बुधवारी डोकं चोपडून आली तर एक तर घरात आजारपण आहे, नाहीतर नळाला पाणी आलेलं नाही. सोलापुरात दुसरी शक्यता जास्त. "पाणी कधी आलं होतं तुमच्याकडे?" असं त्यांनी पुढं विचारलंही.

मी तेल लावलं नव्हतं. परफ्यूम मारला होता. पन्नास मिलिलिटरचा, साडेतीन हजार रुपयांचा, ज्याच्या नावाचा उच्चार मला अजून जमलेला नाही असा. खोक्यावर अर्धा फोडलेला नारळ, मागं निळं पाणी. पंख्याखाली बसून मी स्वतःच्या मनगटाचा वास घेतला. मॅडमचं काही चुकलेलं नव्हतं. आधी जरा लिंबू, मग कुठलंसं पांढरं फूल, आणि ते दोन्ही उडून गेल्यावर खाली जे उरलं ते शनिवारची रात्र. आईच्या दोन गुडघ्यांत अडकलेलं माझं डोकं आणि रेडिओ.

ते घेतलं कसं, हेही सांगायला हवं. रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर वाचत पडले होते. 'तुमचा सुगंध तुमच्या स्वभावाविषयी काय सांगतो' अशी एक प्रश्नावली. सुट्टीला कुठं जायला आवडतं? मी 'समुद्र' म्हटलं. आवडता ऋतू? पर्यायांत पावसाळाच नव्हता, तेव्हा 'उन्हाळा' दाबलं. उत्तर आलं, तुमचा गंध नारळ! नारळगंध लावणारी स्त्री म्हणे मनमोकळी, उन्हावर प्रेम करणारी, घड्याळ न बघणारी, पायाला वाळू लागलेली. मी घंटेवर जगणारी बाई. आमच्यापासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, आणि माझ्या स्कूटीच्या रस्त्यात लागणारं मोठ्यातलं मोठं पाणी म्हणजे कंबर तलाव. पण रात्री पावणेबाराला आपल्याबद्दल कोणी एवढं बरं बोललं की माणूस पैसे देऊन मोकळा होतो. राशीभविष्याला मी हसते. हे त्याहून महाग पडलं.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की प्रश्नावली खोटं बोलत नव्हती, ती फक्त दुसऱ्या गावची होती. युरोप-अमेरिकेत खोबऱ्याचा वास म्हणजे उन्हात पडून अंगाला चोळायची लोशनं, समुद्रकाठ, सुट्टी. तिथली माणसं ऊन मिळावं म्हणून तिकीट काढून जातात. आम्ही मे महिन्यात चव्वेचाळीस अंशाला दारं-खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून, बारा ते चार उंबऱ्याबाहेर पाय काढत नाही. ज्या बाईला ऊन हे सुख वाटतं तिची आणि आमची गाठ पडली तर बोलायला विषय काय, हा प्रश्नच आहे. तिच्या नाकाला तो वास लागला की तिला वाटणार, ही बाई मोकळ्या स्वभावाची. आमच्या मॅडमना वाटलं, हिच्याकडे पाणी आलं नाही.

आणि तसं पाहिलं तर सोलापूरचा नारळ ओलाच नव्हे. ओलं खोबरं खोवून भाजीत घालणं, नारळाच्या दुधातली आमटी, हे कोकणातल्या पाहुण्यांचं. आमचा नारळ एक तर सिद्धेश्वराला फोडायचा, नाहीतर वाटीच्या रूपात वाण्याकडून आणायचा. सुकं खोबरं विळीवर पातळ कापून, तव्यावर लालसर भाजून काळ्या मसाल्यात. मसाल्याच्या दिवसांत आमच्या गल्लीत शिरलं की आधी ठसका आणि त्याच्या मागोमाग भाजल्या खोबऱ्याचा वास. खायचं तेल शेंगदाण्याचं, नंतर नंतर करडई, सूर्यफूल. खोबरेल फक्त डोक्याला. मध्यंतरी बातमी वाचली की लहान बाटलीतलं खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल, यावर करखात्याचा आणि उत्पादकांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: शुद्ध खोबरेल लहान बाटलीत भरलं म्हणून काही केसांचं तेल ठरत नाही. केरळी माणसाला यात वाद काय हेच कळलं नसेल. आत्याला मी निकाल सांगितला तर ती म्हणाली, "मग भजी तळा म्हणावं निळ्या बाटलीत."

आत्यावर येतेच. त्याआधी पुणं.

१९९७ साली मी बी.एस्सी.ला पुण्याला गेले. दोन वेण्या, लाल रिबिनी नव्हत्या पण असाव्यात असं दिसणारी मी. 'चंपू' हा शब्द तिथं पहिल्यांदा अंगावर आला. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. पहिल्या आठवड्यात शेजारच्या कॉटवरची मुलगी फार सभ्यपणे म्हणाली, "तुझ्या उशीला वास येतो गं जरा." ती वाईट नव्हती. खिडकी मात्र ती रोज रात्री उघडायची, आणि ती का उघडते हे तिघींना माहीत असायचं. मी एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या आणायला लागले. दिवाळीला एसटीनं घरी आले, तर आत्यानं दारातच माझं डोकं खाली ओढलं, हुंगलं, आणि आईला म्हणाली, "वहिनी, पोरीचं डोस्कं कोरडं ठाक की गं!" त्या रात्री वाटीभर तेल माझ्या डोक्यात जिरलं. परत जाताना शिकेकाईनं तीनदा धुतलं. तरी एसटीच्या खिडकीशी बसून मी वेणीचं टोक नाकाशी धरून बघत होते, राहिलाय का वास. राहिला होता. तो राहिल्याचा राग आला की बरं वाटलं, हे तेव्हाही ठरवता आलं नव्हतं.

पंचवीसेक वर्षांनी तोच वास मी साडेतीन हजारांना विकत घेतला.

तोच म्हणजे अगदी तोच नव्हे, आणि इथं माझ्यातली रसायनशास्त्राची बाई गप्प बसायची नाही. त्या बाटलीत नारळाचा थेंबही नसणार. परफ्यूमच्या धंद्यात नारळाचा वास म्हणून शंभरएक वर्षं जे द्रव्य वापरतात त्याचं धंद्यातलं नाव 'अल्डिहाइड सी-१८'. ते अल्डिहाइड नाही, आणि त्यात अठरा कार्बनही नाहीत. खरं नाव गॅमा-नोनालॅक्टोन, कार्बन मोजून नऊ. मुलांना हे सांगितलं की ती चिडतात, नाव चुकीचं आहे तर बदलत का नाहीत? मी म्हणते, रिक्षावाल्याला 'जुनी मिल' सांगता ना? १८७० च्या दशकात निघालेली ती मिल बंद पडून तुमच्या आईबापांची आयुष्यं गेली, भोंगा नाही, चाती नाहीत, तरी पत्ता तोच. नाव एकदा बसलं की बसलं.

लॅक्टोन म्हणजे ज्यांच्या रेणूत अणूंचं एक कडं असतं अशी द्रव्यं. खऱ्या खोबऱ्याच्या वासात मुख्य भार डेल्टा-लॅक्टोनांचा असतो. गॅमा आणि डेल्टा यांत फरक एवढाच की गॅमाचं कडं पाच अणूंचं, डेल्टाचं सहा. हादग्याच्या फेरात एक मुलगी जास्त धरली, इतकाच. पण नाक ते ओळखतं. गॅमा-नोनालॅक्टोन जरा जास्त गोड, जास्त साईसारखं, खोबऱ्याच्या वड्या थापून ठेवलेल्या ताटाच्या जवळचं. निशिगंधात आणि अनंताच्या फुलात जो दुधट, जड भाग असतो तोही याच लॅक्टोनांच्या घराण्यातला. म्हणून परफ्यूमवाले नारळाशेजारी पांढरं फूल बसवतात. ताहितीला तर 'तिआरे' नावाची अनंताच्या कुळातली फुलं खोबरेल तेलातच भिजत घालतात. आमची आजी माक्याचा रस घालून तेल कढवायची. ताहितीचं तेल जगभर गेलं. आजीचं गल्लीतल्या चार घरांत.

आणि एक. सोलापूरच्या कोरड्या उन्हात परफ्यूमचा वरचा थर टिकतच नाही. लिंबू-संत्र्याचे हलके रेणू रिक्षा सात रस्त्याला पोचायच्या आत उडून जातात. लॅक्टोन जड, ते मागं राहतात. म्हणजे बाटली पॅरिसची असो नाहीतर कुठली, दुपारी एक वाजता इथल्या बाईच्या अंगावर उरणार ते खोबरंच. मॅडमना फूल कळलं नाही यात त्यांच्या नाकाचा दोष नव्हता.

त्या बुधवारनंतर मी बाटली कपाटात टाकली. पुढं गणपतीत आत्या दोन दिवस राहायला आली आणि कपाटातून टॉवेल घेताना ती तिच्या हाताला लागली.

आत्याबद्दल लिहायचं तर 'वरून कठीण, आतून गोड' हे वाक्य पेनाच्या टोकाशी येऊन उभं राहतं. मी ते वापरणार नाही. आत्या आतूनही बरीच कठीण आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. यजमान गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. आमच्या दोन खोल्यांत आली आणि चौथ्या दिवशी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर लागली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना आता भौगोलिक मानांकन वगैरे आहे. आत्याचं मानांकन डझनावर होतं. टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या, डझनाला इतके पैसे. तेलकट डोक्यावर कापसाचे तंतू चिकटतात, म्हणून ती डोक्याला फडकं बांधून जायची, आणि घरी आल्यावर फडकं सोडलं की कोऱ्या सुताचा, खळीचा वास खोलीभर पसरायचा आणि त्याच्या पोटातून खोबरेलचा. मला ते दोन वास वेगळे करता यायचे नाहीत. कोरा टॉवेल उघडला की अजूनही मी त्यात खोबरेल शोधते.

ती नारळ कानाशी धरून हलवते, पाणी कमी वाजलं की परत ठेवते; दुसरा, तिसरा, सातवा. नारळवाले तिला ओळखतात आणि घाबरतात. खोबऱ्याची वाटी घेताना आतून नखानं खरवडते, हुंगते, आणि एकच शब्द बोलते. एक तर "हं", नाहीतर "खवट". माणसांनाही ती हेच दोन शब्द लावते.

तर ती बाटली. आत्यानं झाकण काढलं, तोंडाशी नाक नेलं.

"ह्यात खोबरं कुठाय?"

"नाही त्यात. नुसता वास आहे."

"खोबरं न्हाई आन् वास कुठनं आला?"

मी लॅक्टोन सांगायला लागले. तिनं हात वर करून मला थांबवलं. "म्हंजे खोटं."

"खोटं म्हणजे, बनवलेलं."

"तेच की. केवढ्याला?"

"साडेतीनशे," मी म्हणाले. आत्याशी बोलताना शेवटचं एक शून्य खायची आमच्या घरात जुनी पद्धत आहे.

"एवढ्यात तेलाची मोठी बाटली आली असती," ती म्हणाली, आणि बाटली ठेवली नाही. वेणी पुढं घेतली, टोकावर एकदा दाबलं. मग मला नवल वाटलं, कारण तिनं डोळे मिटले. पंधरा सेकंद असतील. आत्याला कारणाशिवाय डोळे मिटून बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नाही.

"तेलकट होईना," ती म्हणाली. "नेते मी."

कारण हळूहळू कळलं. मुलानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतल्यापासून आत्या तिथं राहते. सून चांगली आहे. बँकेत आहे, आत्याच्या गोळ्यांच्या वेळा तिच्या फोनमध्ये आहेत. पण पाणी चार दिवसाआड, टाकी लहान. मशीन लावायचं तर हिशेब करून. उशांच्या अभ्र्यांना तेलाचे पिवळे डाग पडतात, ते एका धुण्यात निघत नाहीत, आणि दुसऱ्या धुण्याला पाणी नसतं. सून एवढंच म्हणाली होती, "आई, तेल जरा कमी लावलं तर?" आत्यानं कमी नाही केलं. बंदच केलं. साठ वर्षांची सवय एका वाक्यावर सोडली आणि कोणाला बोलली नाही. उशीवरून कोणी काही म्हटलं की माणूस किती आत ओढून घेतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पुढचे तीन महिने आत्या वेणीला परफ्यूम लावत होती. रोज नाही, शनिवारी रात्री. तिची सून मला फोनवर म्हणाली, "ताई, आईंना छान सवय लावलीत. किती फ्रेश वाटतं!" फ्रेश. त्या प्रश्नावलीतली मनमोकळी, उन्हावर प्रेम करणारी बाई सुनेला सापडली होती, आणि ती होती आमची आत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, सेंट मारून आजी कुठं निघाल्या? आत्यानं त्यांना उत्तर दिलं नाही. "खवट हाय बाई," एवढं मला सांगितलं.

पण ती वाटही बघत होती. मला दर भेटीत सांगायची, "अजून खवट झालं न्हाई." जणू होणारच आहे, दिवसांचा प्रश्न आहे. जानेवारीत थंडी पडली तसं तिनं पक्की परीक्षा घेतली. रात्री खिडकीच्या कट्ट्यावर निळी बाटली आणि ही बाटली शेजारी शेजारी ठेवली. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली आलं की थिजतं, आणि आमच्या जानेवारीच्या पहाटा पंधरा-सोळावर जातात. लहानपणी या दिवसांत तेलाची बाटली चुलीच्या कडेला, नाहीतर अंघोळीच्या गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागे. पहाटे आत्यानं मला फोन केला. साडेपाचला.

"तेल दगड झालंय. तुझं तसंच हाय, पाण्यावानी."

"त्यात अल्कोहोल असतं, आत्या. ते शून्याखाली शंभर अंश नेलं तरी गोठायचं नाही."

"दारू?"

मी उत्तर द्यायच्या आत तिनं फोन ठेवला.

मला वाटलं संपलं. त्याच आठवड्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन: बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली म्हणतात ती अडुसष्ट लिंगं, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं एकेका लिंगाला तेलाचा अभिषेक. शब्द कानडी, यण्णी म्हणजे तेल. पण सोलापुरात तो मराठी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मोजून सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, रस्ताभर. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, म्हणजे देवाचं लग्न. ज्याचं लग्न त्याच्या सगळ्या ठाण्यांना आधी तेल लावायचं, हे मला त्या यात्रेतलं सगळ्यात घरगुती वाटतं.

मिरवणूक बघून संध्याकाळी मी आत्याकडे गेले. मुलगा आणि सून दोघंही कामावरून यायचे होते. गॅसवर वाटीत तेल कोमट होत होतं. आत्या खाली बसली होती, केस मोकळे, पाठ माझ्याकडे.

"देवाच्या अडुसष्टांना आज तेल," ती म्हणाली. "मला पण अडुसष्टावं लागलंय. लाव."

मी मागं बसले, तिचं डोकं माझ्या दोन गुडघ्यांत. केस विरळ झालेत. बोटांना थेट टाळूच लागते. तेल घालावं तितकं जिरत होतं, इतके दिवस कोरडं राहिलेलं डोकं आधी वाटीभर प्यायलं आणि मग म्हणालं पुरे. ती काही बोलली नाही, मीही नाही. खाली रस्त्यावरून एक बाराबंदीवाला मोबाईलवर बोलत गेला.

वेणी घातल्यावर आत्या उठली. कपाटातून एक जुना टॉवेल काढला, कडेची शिवण अंगठ्यानं तपासली (तिचीच असणार, त्याशिवाय एवढी निरखली नसती) आणि उशीवर चारही बाजूंनी घट्ट खोचून पसरला. मग परफ्यूमची बाटली घेतली. दोनदा टॉवेलवर, एकदा पडद्यावर, एकदा हवेत.

"आता कुणाला काय कळतंय," ती म्हणाली. "वास तोच, डाग न्हाई."

तेवढ्यात लॅचची चावी फिरली. सून आत आली, चपला काढता काढता तिनं खोल श्वास घेतला आणि हसली. "आई, आज एकदम जास्त मारलंत वाटतं. संपत आलं असेल ना? नाव सांगा ताई, मी आत्ता दुसरं मागवते." तिनं फोन काढलासुद्धा.

"मागव की," आत्या म्हणाली. "साडेतीनशेचं तर हाय."

मी चपला शोधायला लागले.